दाईचं विरजण

सहा फूट उंच, झुपकेदार मिशांच्या पुरुषाला ‘दाई’ म्हणून हाक मारायची आणि त्याने मुकाट ओ द्यायची, हा प्रकार त्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं चालला होता. नाव ठेवलं जुन्या सरांनी. नोकरीच्या दुसऱ्याच महिन्यात एकदा वीज गेली, इन्क्युबेटर गार पडायला लागला, तेव्हा या नव्या तंत्रज्ञाने पेशींचे चार फ्लास्क झाकणं घट्ट करून शर्टाच्या आत पोटाशी धरले. पाच तास. चहाला गेला नाही की आणखी कुठे गेला नाही. सर म्हणाले, “अरे, हा तंत्रज्ञ नव्हे, ही दाई आहे!” झालं. सर निवृत्त होऊन गेले, नाव तेवढं मागे राहिलं. “दाई आले का?”, “दाई आज तापलेत,” असली वाक्यं ऐकून नवी मुलं पहिल्या दिवशी बिचकायची आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच तशी बोलायला लागायची.

काम म्हटलं तर साधं. माणसाच्या आतड्यातल्या पेशी प्लास्टिकच्या चपट्या बाटल्यांत वाढवायच्या. त्या बाटल्या म्हणजे फ्लास्क. पेशी तळाला चिकटून पसरतात, वर गुलाबी मीडियम असतं, त्यातच त्यांचं खाणं आणि पिणं. दर दोन दिवसांनी जुनं काढायचं, नवं घालायचं. दाटी झाली की निम्म्या जणींना वेगळं बिऱ्हाड थाटून द्यायचं. एवढंच. पण ‘एवढंच’ म्हणणाऱ्यांनी एकदा करून बघावं. चार दिवसांत फ्लास्कात बुरशीचं मैदान होतं.

पेशींची खोली बिनखिडक्यांची. दोन इन्क्युबेटर, गाळलेल्या हवेत काम करायचा काचेचा एक हूड, एक सूक्ष्मदर्शक आणि त्याच्यासमोर एक स्टूल. त्या स्टुलाच्या गादीला दाईंच्या बैठकीचा आकार आला होता, त्यामुळे दुसऱ्या कुणाला त्यावर धड बसता येत नसे. सकाळी नऊला दाई तिथे बसत आणि एकेक फ्लास्क भिंगाखाली धरून पाहत. टुकटुकीत आहेत, सुस्त आहेत, रुसल्यात, असे त्यांचे शेरे असत. हसण्यावारी नेणारे नेत. पण दाई “रुसल्यात” म्हणाले की दोन दिवसांत आकडेही तेच सांगत.

घरी याचं कौतुक नव्हतं. बायको पंचवीस वर्षं शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेली, जिभेला हाड नसलेली बाई.

“खिडकीतलं रोप वाळून काटकी झालं ते दिसत नाही तुम्हाला, आणि डोळ्यांना न दिसणाऱ्यांची तिकडे बाळंतपणं करताय!”

“अगं, रोप मला पगार देत नाही.”

“मी तरी कुठे देते? माझ्याकडेही बघत नाही, ते त्यामुळेच म्हणायचं.”

दाई वर्तमानपत्र उघडत.

आता विरजणाचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्यानेच घडलं. एखाद्या फ्लास्कातल्या पेशी मलूल झाल्या की जुने सर एक युक्ती करायचे. शेजारच्या, ठणठणीत फ्लास्कातलं एक दिवस वापरलेलं मीडियम काढायचं, अगदी बारीक गाळणीतून गाळायचं, म्हणजे एकही पेशी त्यातून येत नाही, आणि ते पावभर, म्हणजे फ्लास्कातल्या मीडियमच्या चौथ्या हिश्श्याएवढं, या मलूल फ्लास्कात घालायचं. निरोगी पेशींनी त्या पाण्यात काहीबाही सोडलेलं असतं. ते मिळालं की आजारी पेशींना हुशारी येते. सर याला विरजण म्हणायचे. दाईंनी ते उचललं आणि आयुष्यभर पाळलं. वहीत मात्र त्याची नोंद कधी झाली नाही. दाई लपवाछपवीतले नव्हते. मीडियम कधी बदललं, किती घातलं, सगळं मिनिटानिशी लिहीत. पण विरजण ही त्यांच्या लेखी लिहायची गोष्टच नव्हती. जेवणाआधी हात धुतले, असं कुणी डायरीत लिहितं का?

तीन वर्षांपूर्वी संशोधन करायला एक मुलगी आली. शिडशिडीत, मान ताठ आणि प्रत्येक वाक्याला एक प्रश्न टोचणारी. आठवड्यात तिचं नाव ‘टाचणी’ पडलं. तिचा विषय दाईंना नवा होता. औषध दिल्यावर पेशीतली कुठली प्रथिनं वाढतात, कुठली घटतात, ते तिला मोजायचं होतं. पेशीत प्रथिनं हजारो. एकेक करून मोजायला बसलं तर सात जन्म पुरायचे नाहीत. म्हणून तिने वजनाची युक्ती आणली.

“हे बघा दाई,” ती पहिल्याच दिवशी म्हणाली, “प्रथिनं म्हणजे घरं. अमिनो आम्लं म्हणजे विटा. बरोबर?”

“असू दे बरोबर. पुढे?”

“पेशी काही विटा स्वतः भाजते, काही तिला बाहेरून आयत्याच लागतात. अशा दोन आयत्या विटा मी जड जातीच्या आणल्यात. दिसायला तशाच, चवीला तशाच, फक्त वजन थोडं जास्त.”

“किरणं-बिरणं निघतात का त्यातून? माझी बायको विचारणार.”

“काही नाही निघत. नुसत्या जड. एका फ्लास्काला जड विटा, दुसऱ्याला साध्या. जड फ्लास्काला औषध द्यायचं, साध्याला नाही. मग दोन्हीकडच्या पेशी फोडून, समसमान घेऊन, एकत्र कालवायच्या.”

“कालवल्यावर कुठलं कुणाचं ते कळणार कसं?”

“वजनावरून! आमच्या तराजूत प्रत्येक प्रथिनाची जोडी दिसते, एक हलकं आणि शेजारी एक जड. जोडीतले दोघे सारखे असले तर औषधाने काही केलं नाही. जड कमी दिसलं, तर औषधाने ते घटवलं.”

तराजू म्हणजे खालच्या मजल्यावरचं मास स्पेक्ट्रोमीटर, खोलीभर पसरलेलं धूड. ते चालवणारा गृहस्थ कुणालाही हात लावू देत नसे. त्याला सगळे ‘तराजूवाले’ म्हणत.

दाईंना ही युक्ती आवडली. त्यांनी जड मीडियमच्या बाटल्यांना लाल चिकटपट्टी लावली, त्यांचा कप्पा वेगळा केला, पिपेटसुद्धा वेगळी ठेवली. मीडियममध्ये मिसळायच्या नेहमीच्या सीरममध्ये, म्हणजे रक्तातल्या पाण्यात, साध्या विटा असतात, म्हणून त्या काढून टाकलेलं खास सीरम येई. त्यालाही लाल पट्टी. पेशींची संख्या सहादा दुप्पट होईपर्यंत जडच खाणं द्यायचं, मग जुन्या विटांचा मागमूस राहत नाही. दाईंनी ते सगळं काटेकोर केलं. तपासणीत शंभरातल्या अठ्ठ्याण्णव विटा जड निघाल्या, आणि मॅडमनी, म्हणजे विभागाच्या प्रमुखांनी, दारात उभं राहून “दाई, शाब्बास” म्हटलं. मॅडमच्या तोंडून शाब्बास येणं म्हणजे दगडाला पाझर फुटणं. दाई दोन दिवस हवेत होते.

पुढे शुक्रवारी दुपारी जड फ्लास्काला औषध दिलं. शनिवारी सकाळी दाईंनी पाहिलं, तर पेशी रुसलेल्या. कडा आक्रसलेल्या, अंग चोरून बसलेल्या. औषध कडक होतं, दुसरं काय. टाचणी त्या दिवशी गावाला गेली होती. दाईंनी शेजारच्या एका गुटगुटीत फ्लास्कातलं मीडियम काढलं, गाळलं आणि पावभर विरजण लावलं. तो फ्लास्क साध्या विटांवर वाढलेला होता. पण हे दाईंच्या मनातसुद्धा आलं नाही, कारण त्यांच्या हिशेबी खाणं वेगळं आणि विरजण वेगळं. ते तर वापरलेलं पाणी, त्यात खायला काय उरलंय? शिवाय पेशी जड झाल्याची तपासणी केव्हाच झाली होती. कापडाला एकदा पक्का रंग बसला की धुतल्याने जातो होय?

सोमवारी पेशी काढल्या, कालवल्या, तराजूत गेल्या. सगळ्याच जोड्यांत जड बाजू थोडी कमी दिसत होती. कालवताना एकोणीस-वीस झालं असेल, असं धरून टाचणीने ते गणिताने सावरून घेतलं. अशी सावरासावर सगळेच करतात. सावरल्यावर अकरा प्रथिनं उरली, जी ठसठशीत कमी होती, एक तृतीयांशाने. अकरा! औषध नेमकं कुठे बोट ठेवतं, ते सापडलं होतं. टाचणीने सगळ्यांना पेढे वाटावेत अशा थाटात बिस्किटं वाटली. मॅडमनी एका परिषदेला सारांश पाठवून दिला.

पण मॅडम कसलेल्या. त्या म्हणाल्या, “आता अदलाबदल कर. औषध साध्या फ्लास्काला दे, जड फ्लास्क बिनऔषधाचा ठेव. खरं असेल तर या वेळी पारडं उलटं झुकेल. नाही झुकलं तर आपण फसलो.”

अदलाबदल झाली. औषधाचा फ्लास्क पुन्हा रुसला, दाईंनी त्याला शेजारच्या साध्या फ्लास्कातलं पुन्हा विरजण लावलं. आणि पारडं उलटं झुकलं नाही. सुलटंही झुकलं नाही. अकराच्या अकरा जोड्या जुळ्या बहिणींसारख्या शेजारी शेजारी उभ्या, डोक्याला डोकं लावून.

मग जे व्हायचं तेच झालं. मॅडमनी पहिल्या वेळची सगळी गणितं मागवली. ते ‘सावरून घेतलं’ त्यांच्या डोळ्यांवर आलं. ओरडणं हा त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांनी एवढंच विचारलं, “अकरा येईपर्यंत सावरत होतीस का?”

प्रयोगशाळेत याहून वाईट शिवी नाही. टाचणी आपले कागद गोळा करून बाहेर आली. तिच्या संशोधनवृत्तीची मुदत महिनाअखेर संपत होती आणि वाढवायची की नाही, ते शुक्रवारच्या बैठकीत ठरायचं होतं. आकडे घडवणारी मुलगी, असा शिक्का घेऊन गेली असती तर दुसऱ्या कुठल्याही दारात तिला कुणी उभं केलं नसतं. आदल्या शनिवारी ती पेशींच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसली होती, हातात चहा, आणि चहावर साय धरलेली.

दाई आपला कप घेऊन शेजारी बसले.

“चेहरा धुऊन ये आधी. पेशी घाबरतील.”

“दाई, मी नाही हो काही केलं.”

“ते मला सांगू नकोस. तुझ्या अंगात तेवढी लबाडी असती तर पहिल्या वर्षीच डॉक्टर झाली असतीस.”

ती हसली, नाक ओढत. मग तिने मांडीवरचा कागद दाखवला. अकरा नावांची यादी, आणि प्रत्येकापुढे काहीतरी खरडलेलं.

“डोकं फुटायची वेळ आलीय. एकच गोष्ट सारखी सापडते. ही अकराच्या अकरा अल्पायुषी आहेत.”

“म्हणजे?”

“म्हणजे पेशी सगळी घरं एकदाच बांधून स्वस्थ बसत नाही ना. सारखी पाडते, सारखी बांधते. काही घरं महिना टिकतात. ही अकरा मात्र आज बांधली की उद्या पाडली, अशी. काही तर तासाभरात.”

दाईंनी कप खाली ठेवला.

“थांब. पेशी एकदा जड झाली की जडच राहते ना?”

“राहते की. जड विटाच मिळत राहिल्या तर.”

“आणि मध्येच साध्या मिळाल्या तर? म्हणजे… समजा, दोनच दिवस?”

“तर जी घरं रोज नवी बांधायची, ती साधी होत जाणार. सगळ्यांत आधी ही अकराच. जड कमी दिसतील, औषधाने काही केलेलं नसतानाही.” ती थकून हसली. “पण त्यांना साध्या विटा घालतंय कोण? लाल पट्ट्या तर तुम्ही स्वतः लावल्यात.”

“चहा गार होतोय तुझा,” दाई म्हणाले, आणि उठून आत गेले.

आत ते स्टुलावर बसले. भिंगाखाली काही नव्हतं, तरी पाहत राहिले. वापरलेलं पाणी! एका दिवसात पेशी खाऊन खाऊन किती खाणार? पाऊण ताट तसंच उरलेलं असतं. हे त्यांना माहीत नव्हतं का? होतं. मीडियम दोन दिवस पुरतं, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत? पण माहीत असणं आणि ते वेळेवर आठवणं, यात फार अंतर असतं, आणि त्या अंतरात माणसं रोज पडतात.

दुपारी घरी जेवताना बायकोने दोनदा पाणी हवं का विचारलं, दोन्ही वेळा ते “पाव” म्हणाले.

“काय पाव?”

मग त्यांनी सांगितलं. सगळं, पहिल्यापासून. बायकोने भूगोल शिकवला असला तरी तिला विटा कळल्या आणि घरंही कळली. 

“म्हणजे चूक तुमची, आणि बोलणी खातेय ती पोरगी.”

“हो.”

“मग जेवताय काय? उठा, फोन लावा.”

“अगं, एकतीस वर्षं झाली. एक फ्लास्क दगावला नाही माझ्या हातून. दोन महिन्यांनी निरोप देणार आहेत, मॅडम चार शब्द बोलणार आहेत. आणि आता जाऊन सांगू, की दाईनेच…” त्यांनी ताट बाजूला सारलं. “कुणाला कळणारही नाही, तसं पाहिलं तर.”

“तुम्हाला कळलंय ना? मग झालं की. निवृत्तीनंतर दिवसभर माझ्यासमोर बसणार आहात तुम्ही. हे तोंड घेऊन बसणार असाल तर मी आत्ताच माहेरी जाते.”

“तुझं माहेर आहे कुठे आता?”

“शोधेन. भूगोल शिकवलाय मी.”

फोनवर सांगण्यासारखी ही गोष्ट नव्हती. सोमवारी सकाळी दाई मॅडमच्या खोलीत गेले, जाताना टाचणीलाही बरोबर घेतलं. खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

“मॅडम, ती अकरा माझ्यामुळे घटली. मी विरजण लावलं.”

मॅडमनी चष्मा काढला. “काय लावलंत?”

त्यांनी सांगितलं.

“किती?”

“पावभर.”

“कुठल्या फ्लास्काला?”

“औषधाच्या. दोन्ही वेळा, औषधाच्याच. तेच रुसतात.”

टाचणी मध्येच उभी राहिली. “थांबा, थांबा. पहिल्या वेळी औषधाचा फ्लास्क जड होता. त्यात साधं पडलं, म्हणून अकरा घटली. दुसऱ्या वेळी औषधाचा फ्लास्कच साधा होता. साध्यात साधं पडलं, काय फरक पडणार? म्हणून जोड्या सारख्या!” आणि मग तिच्या लक्षात आलं, की आपण मोठ्याने आनंदाने ओरडतोय आणि समोर दाई मान खाली घालून उभे आहेत. ती चटकन खाली बसली.

मॅडमनी चष्मा पुन्हा चढवला. मग त्यांनी जे विचारलं ते दाईंच्या ध्यानीमनी नव्हतं.

“दाई, तुम्ही हिला वाचवायला तर नाही ना हे सांगत?”

“मी?”

“तुम्हीच. मांजराचं पिल्लू कुडकुडतंय म्हणून इन्क्युबेटरमध्ये ठेवू का, असं विचारायला आला होतात माझ्याकडे. वहीत काही नाही. साक्षीदार नाही. आणि तुम्ही जाणार दोन महिन्यांनी, तुमचं कोण काय वाकडं करणार? बैठकीत लोक हेच म्हणतील, आणि मलाही ते म्हणावंसं वाटतंय.”

दाईंचा चेहरा पडला. माणूस मोठ्या मुश्किलीने गुन्हा कबूल करायला जावा आणि त्याला म्हणावं, की तू फार भला आहेस, जा घरी! याहून मोठी पंचाईत नाही. ते मिशी चावत उभे राहिले. मग म्हणाले, “डीप फ्रीझरमध्ये असेल.”

“काय?”

“चिमूटभर. कालवायच्या आधी प्रत्येक फ्लास्कातलं थोडं मी बाजूला काढून ठेवतो. उगाच. पुढे लागलं-सवरलं तर. पहिल्या वेळच्या जड फ्लास्कातलं, न कालवलेलं, एकटंच असेल.”

टाचणीने मॅडमकडे पाहिलं आणि मॅडमनी टाचणीकडे. जड फ्लास्क एकटाच तराजूत घातला, तर त्यात जडच दिसायला हवं. साध्याचा तिथे संबंध काय? पण दाई खरं बोलत असतील, तर तराजूच्या आलेखात त्या अकरांच्या जागी साध्या विटांची शिखरं उभी राहतील, आणि जुन्या, टिकाऊ घरांच्या जागी फारशी दिसणार नाहीत.

मॅडम स्वतः फ्रीझरपाशी गेल्या. नळी सापडली, दाईंच्या ठळक अक्षरात, तारखेसकट. मॅडमनी ती नाव पुसून, नुसता आकडा घालून तराजूवाल्यांकडे दिली आणि टाचणीला खालच्या मजल्यावर पाऊल टाकायला बंदी केली. बुधवारी दुपारी चार वाजता तराजूवाले कागद घेऊन स्वतः वर आले. हा गृहस्थ वर येणं म्हणजे पर्वत उठून चालायला लागणं.

“ही नळी कुणाची?” ते म्हणाले. “जड म्हणवते आणि अकरा ठिकाणी हलकी आहे. सोबत आणखी चाळीसेक ठिकाणी, थोडी थोडी. सगळी अल्पायुषी. कुणी दोन दिवस साधं खायला घातलंय का हिला?”

“पावभर,” मॅडम म्हणाल्या.

“तरीच! अहो, लोक हे मुद्दाम करतात, कुठलं प्रथिन किती लवकर पाडलं जातं ते मोजायला. फार सुरेख आलंय. कुणी केलं?”

कुणी हसलं नाही. हसायला येत होतं, पण त्या वेळी कुणी हसलं नाही.

मॅडमनी टाचणीला आत बोलावलं, दार लावलं. पाच मिनिटांनी ती बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते आणि मान पुन्हा ताठ. मॅडमनी माफी मागितली की नाही, ते दोघींनाच ठाऊक. बैठकीसाठीच्या टिपणात मात्र मॅडमनी लिहिलं: ‘पहिल्या प्रयोगातील निष्कर्ष तांत्रिक कारणामुळे मागे घेण्यात येत आहेत.’ आणि दाईंना दाखवलं.

दाईंनी वाचलं. “तांत्रिक कारण म्हणजे कोण?”

“असं लिहितात, दाई. रीत आहे.”

“बैठकीतल्या चौघांना वाटेल, हिनेच काहीतरी केलं आणि तुम्ही पांघरूण घातलं. सरळ लिहा.” आणि त्यांनी उभ्या उभ्या सांगितलं: “औषध दिलेल्या फ्लास्काला तंत्रज्ञाने, कुणाला न विचारता आणि वहीत न लिहिता, साध्या फ्लास्कातलं वापरलेलं मीडियम पावभर घातलं. संशोधिकेला याची कल्पना नव्हती. खाली माझं नाव घाला, दाई नको. खरं नाव.”

मॅडमनी ते तसंच लिहिलं. खरं नाव काय, ते त्यांना सेवापुस्तकात बघावं लागलं.

मुदत वाढली. सहा महिने. त्यात प्रयोग तिसऱ्यांदा करायचा, पहिल्यासारखाच, पण विरजणाशिवाय. परिषदेचा सारांश मागे घेतला. दाईंवर लेखी ताकीद आली, सेवेतली पहिली. त्यांनी ती घरी नेऊन बायकोला दाखवली. ती म्हणाली, “शुद्धलेखनाच्या दोन चुका आहेत यात,” आणि कपाटात नीट ठेवून दिली.

तिसऱ्या वेळी पुन्हा जड पेशी वाढवायला पंधरा दिवस गेले. तेवढ्या दिवसांत टाचणी वही घेऊन दाईंच्या मागे मागे हिंडत होती. “आणखी काय काय करता तुम्ही, न लिहिता?” बाटली उघडण्याआधी तळहातावर घोळवता, का? पेशी सोडवताना फ्लास्काला दोन टपल्या मारता, दोनच का, तीन का नाही? पेशी मोजताना दुसऱ्यांदा मोजून कमी आलं तर पहिला आकडा धरता का? “दुसरा धरतो,” दाई रागावून म्हणाले, “चोर समजतेस काय मला?” “लिहून घेते. दुसरा.” सत्तावीस गोष्टी निघाल्या. त्यातल्या निम्म्यांचं कारण दाईंनाही सांगता येईना. ते मुळातच थोड्या बोलण्याचे, या पंधरवड्यात पार शरमून गेले. आणि मग, कधी ते कळलं नाही, पण त्यांना त्यात गोडी वाटायला लागली. आपल्या हातांना एवढं सगळं येतं, हे त्यांनी तोवर कधी मोजलंच नव्हतं.

शुक्रवारी दुपारी जड फ्लास्काला औषध दिलं. शनिवारी सकाळी नऊला दाई आले, तर टाचणी आधीच दाराशी.

“आज तू कशाला आलीस?”

“पहारा द्यायला.”

“माझ्यावर?”

“मग काय, पेशींवर?”

दाईंनी फ्लास्क भिंगाखाली घेतला. रुसलेल्या. नेहमीपेक्षा जास्तच, कारण या वेळी जड खाणं जुन्या, संपत आलेल्या बाटलीतलं होतं. कडा आत घेतलेल्या, काही तर तळ सोडून वर तरंगायच्या बेतात. दाईंचा उजवा हात शेजारच्या इन्क्युबेटरकडे गेला. दाराच्या मुठीवर जाऊन थांबला.

“दाई.”

“बघतोय गं नुसता.”

“हाताने बघता?”

त्यांनी हात काढला आणि दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसले, पहिलीतल्या पोरासारखे. टाचणीने नोंदीचा कागद पुढे सरकवला. दर दोन तासांनी पाहायचं आणि लिहायचं, असं मॅडमनी ठरवून दिलं होतं. दाईंनी लिहिलं: ‘नऊ वाजता. पाहिल्या. काही केलं नाही.’ अकरा वाजता पुन्हा तेच. एक वाजता तेच. तीन वाजता त्यांनी लिहिलं, ‘पाहिल्या. वाईट दिसतात. काही केलं नाही,’ आणि ‘वाईट दिसतात’ खाली रेघ मारली. टाचणीने ते खोडायला सांगितलं नाही.

रविवारी ते दोघंही आले. पेशी होत्या तशाच होत्या. वाईट, पण वाईटाच्या पुढे गेल्या नव्हत्या. सोमवारी सकाळी दाईंनी शेवटचं पाहिलं. काही तळ सोडून गेल्या होत्या, बऱ्याच टिकल्या होत्या. अंगाने सुकलेल्या, पण घट्ट चिकटून. त्यांनी झाकण पुसलं आणि फ्लास्क तिच्या हातात दिला.

“घे. जशा आहेत तशा.”

गुरुवारी ती कागद घेऊन पेशींच्या खोलीत आली. दाई स्टुलावर होते, वळून न पाहता म्हणाले, “बोल.”

“अकराच्या अकरा जागच्या जागी. काही घटलं नाही, वाढलं नाही. औषध प्रथिनांना काही करत नाही, दाई. पेशी रुसतात त्या कशाने, ते या तराजूत दिसत नाही.”

“म्हणजे तुझं सगळं पाण्यात.”

“पाण्यात कसं? आता खरं काय ते माहीत झालं. तसंच लिहिणार.” ती थांबली. “आणि तराजूवाल्यांनी मला बोलावलंय. ते मुद्दाम साधं घालून पाहायचं आहे ना, कुठलं घर किती दिवस टिकतं ते. पण त्यासाठी पावभर विरजण अगदी नेमकं, दर वेळी सारखं लावणारा माणूस लागेल. किती लावलं ते लिहिणारा.”

दाई वळले. “माझे एकोणचाळीस दिवस उरलेत.”

“आठ फ्लास्क बसतील तेवढ्यात.”

“दहा,” दाई म्हणाले, आणि लाल पट्टीची बाटली काढायला उठले.